ऑइलच्या झाकणाखालची साय

थंडीत सकाळी बॉनेट उघडलं, इंजिनवरचं ऑइलचं झाकण फिरवून काढलं आणि त्याच्या आतल्या बाजूला पिवळट-पांढरी, बोटाला चिकटणारी साय दिसली, की पहिला धसका बसतो तो हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील फुटून कूलंट ऑइलमध्ये उतरल्याचा. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर जातो आणि दोन मिनिटांत कुणीतरी खर्चाचा आकडाही सांगून मोकळं होतं. खरं तर डिसेंबर-जानेवारीत दिसणाऱ्या या सायीमागे बहुतेक वेळा गॅस्केटचा काही संबंध नसतो. ऑइल आणि पाणी एकत्र घुसळलं गेलं की असं लोणी येतंच. पण ‘थंडीत होतं असं’ म्हणून झाकण परत लावून टाकणंही बरोबर नाही. साय म्हणजे निरोप आहे: तुमच्या इंजिनातलं ऑइल पुरेसं तापत नाही. हा निरोप दोन-तीन हिवाळे कुणी वाचला नाही, तर साय खाली उतरते, काळी होते, घट्ट होते. गॅरेजवाले तिला मळी म्हणतात, आणि ती इंजिन खाते.

आधी कूलंट की नुसतं पाणी, ते ठरवा

गाडी रात्रभर उभी होती, इंजिन गार आहे, अशा वेळी तपासणी करायची. डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढून पुसायची, परत घालून पुन्हा काढायची आणि उजेडात धरायची. पट्टीच्या खालच्या टोकाचं ऑइल मधासारखं किंवा काळं पण पारदर्शक असेल आणि साय फक्त वरच्या झाकणाला असेल, तर ती वाफेची साय. पट्टीवरचंच ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखं झालं असेल, तर खालच्या चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्यात, भरपूर पाणी मिसळलं आहे, आणि ते कूलंट असण्याची शक्यता मोठी. पट्टीच्या अगदी वरच्या भागाला, मुठीजवळ, थोडे पांढरट ठिपके असतील तर घाबरू नका. तो भाग नळीत गार राहतो, तिथे वाफ जमते.

मग कूलंटची टाकी. किमान आणि कमाल या दोन रेषांच्या मध्ये पातळी कुठे आहे, तिथे मार्करने खूण करा आणि आठवडाभर रोज गार इंजिनावर पाहा. पातळी हलली नाही तर गॅस्केटचा संशय जवळजवळ मिटतो. पातळी उतरतेय आणि बाहेर कुठे ओल नाही, टाकीत तपकिरी तेलकट थर दिसतोय, इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, तर मात्र गॅरेज गाठा. तिथेही एकदम हेड उघडू देऊ नका. निळ्या द्रावणाची एक साधी चाचणी असते: टाकीच्या तोंडावर नळी लावून आतली हवा त्या द्रावणातून ओढतात. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळा रंग पिवळा पडतो. दुसरी चाचणी दाबाची. हातपंपाने कूलंटच्या वाटेत टाकीच्या झाकणावर छापलेला दाब भरायचा आणि काटा उतरतो का ते पाहायचं. डिझेल गाड्यांत बऱ्याचदा दोषी हेड गॅस्केट नसतं, ऑइल कूलर असतो. एका बाजूने ऑइल आणि दुसऱ्या बाजूने कूलंट वाहणारा हा छोटा डबा अनेक इंजिनांत ऑइल फिल्टरच्या बुडाशीच असतो. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब जास्त, म्हणून ऑइल कूलंटमध्ये जातं. बंद केल्यावर कूलंटचा दाब काही काळ टिकतो, मग उलटी वाहतूक होते. हेड उतरवण्याच्या मानाने हा डबा बदलणं फारच स्वस्त पडतं.

हा फरक आधी लावायचा, कारण दोन्हींचा उपाय वेगळा आहे. वाफेचं पाणी ऑइल नीट तापवलं की उडून जातं. कूलंटमधलं ग्लायकॉल उडत नाही. ते साधारण १९७ अंशांना उकळतं, आणि चेंबरमधलं ऑइल तिथवर कधी पोहोचत नाही. ग्लायकॉल ऑइलमध्येच राहतं, ऑइलमधल्या रसायनांशी जुळून चिकट होतं आणि बेअरिंगची वाट लावतं. तेव्हा ‘लांब फिरवून आणा, जाईल’ हा सल्ला कूलंट मिसळलेल्या ऑइलला लागू नाही.

इतकं पाणी येतं कुठून?

रात्रीच्या गारव्यात हवेतलं दव इंजिनात जमतं, असं सर्रास सांगितलं जातं. पुण्यात किंवा निफाडकडे जानेवारीत पहाटे आणि दुपारी तापमानात वीस अंशांचा फरक पडतो, त्यामुळे हे पटतंही. पण हिशोब करून पाहा. छोट्या गाडीच्या इंजिनात, ऑइलच्या वर, फार तर दहा लिटर हवा मावते. ३० अंशांची, पूर्ण दमट, अशी एक घनमीटर हवा घेतली तर तिच्यात सुमारे ३० ग्रॅम वाफ असते. म्हणजे दहा लिटरमध्ये ०.३ ग्रॅम. सगळीच्या सगळी पाणी होऊन खाली पडली तरी पाच-सहा थेंब.

खरं पाणी पेट्रोलमधून येतं. पेट्रोलमधला हायड्रोजन जळला की त्याचं पाणी होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. थंडीत सकाळी सायलेन्सरच्या टोकातून ठिबकतं ते हेच. बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे निघून जाते, पण पिस्टनच्या रिंगा शंभर टक्के बंद नसतात. ज्वलनाचा थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली उतरतोच. गॅरेजमध्ये याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. नव्या इंजिनातही तो असतो, फक्त कमी.

समजा घर ते ऑफिस चार किलोमीटर. गार इंजिन लिटरला बाराच्या आसपास देतं, म्हणजे एका खेपेला तिसरा हिस्सा लिटर पेट्रोल आणि तेवढंच, साडेतीनशे मिलिलिटर, पाणी. त्यातला एक टक्का खाली उतरला असं धरलं तर साडेतीन मिलिलिटर. सकाळ-संध्याकाळ मिळून सात. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पावणेदोनशे मिलिलिटर, जवळजवळ एक कप, आणि तो तीन-साडेतीन लिटर ऑइलच्या वर. सगळं साठत नाही हे खरं. बरंचसं वाफ होऊनच बाहेर पडतं. पण हवेतल्या दवाच्या पाच-सहा थेंबांशी तुलना केली की दोष कुणाचा ते कळतं.

सीएनजीवाल्यांनी इथे जरा थांबावं. सीएनजी म्हणजे जवळजवळ सगळा मिथेन, आणि मिथेनमध्ये हायड्रोजनचं प्रमाण पेट्रोलपेक्षा बरंच जास्त. एक किलो सीएनजी जळला की सव्वादोन किलो पाणी. लिटरला १८ देणारी गाडी सीएनजीवर किलोला २६ देत असेल, तर पेट्रोलवर किलोमीटरला सुमारे ५५ ग्रॅम आणि सीएनजीवर ८६ ग्रॅम पाणी तयार होतं, म्हणजे दीडपट तरी. वर सीएनजी स्वच्छ जळतो, काजळी कमी, म्हणून ऑइल सहा-सहा महिने सोनेरी दिसतं आणि मालकाला वाटतं अजून बदलायची वेळ आलेली नाही. काळं पडत नाही म्हणून ऑइल चांगलं आहे, असं होत नाही.

पाणी बाहेर जातं कसं

इंजिन बनवणाऱ्यांना हे पाणी येणार हे माहीतच असतं. त्यासाठी दोन सोयी असतात: उष्णता आणि पीसीव्ही. उष्णतेने पाण्याची वाफ होते. पीसीव्ही म्हणजे टॅपेट कव्हरवरची (इंजिनच्या माथ्यावरच्या आवरणावरची) एक छोटी झडप आणि तिच्यापासून इनटेक मॅनिफोल्डकडे, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेकडे, जाणारी रबरी नळी. इंजिन स्वतःच्या ओढीने चेंबरमधली वाफ आणि वायू खेचून घेतं आणि पुन्हा जाळून टाकतं. दोन्हीपैकी एक जरी लंगडं पडलं तरी पाणी आतच राहतं.

उष्णतेच्या बाबतीत सगळ्यात मोठी फसगत डॅशबोर्डवरचा काटा करतो. तो कूलंटचं तापमान दाखवतो, ऑइलचं नाही. कूलंट आधी तापतं, कारण ते सिलिंडरच्या भिंतीला आणि हेडला लागून फिरतं आणि थर्मोस्टॅट (रेडिएटरची वाट उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह) बंद असेपर्यंत थोडंच कूलंट आत घुमत राहतं. ऑइल खालच्या चेंबरमध्ये, बाहेरच्या गार वाऱ्यात. काटा पाच-सात मिनिटांत मध्यावर आला तरी ऑइलला तिथवर यायला तेवढाच किंवा दुप्पट वेळ आणखी लागतो. पाणी झपाट्याने उडायचं तर ऑइल ऐंशी-नव्वद अंशांच्या वर जाऊन काही काळ तिथे टिकायला हवं. चार किलोमीटरच्या खेपेत ते पन्नाशीत असतानाच तुम्ही चावी काढता. रात्री वाफ गार पडते, आणि सर्वांत गार जागा कुठली, तर इंजिनच्या डोक्यावरचं प्लास्टिकचं झाकण. ज्या इंजिनांत हे झाकण उंच नळीच्या टोकाला असतं, तिथे साय जास्त दिसते, याचं कारण एवढंच.

‘मग सकाळी दहा मिनिटं जागेवर चालू ठेवून गरम करून घेतो’ म्हणणाऱ्यांसाठी: याने नेमकं उलट होतं. जागेवर, भार नसताना, इंजिन उष्णता कमी देतं, आणि गार आहे म्हणून ईसीयू (इंजिनचा संगणक) पेट्रोल जास्त सोडतो. ते जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. पाणीही वाढलं, पेट्रोलही मिसळलं, आणि ऑइल तापलं नाही. सुरू केल्यावर वीस-तीस सेकंद पुरेत. मग हलक्या पायाने निघायचं, काटा वर येईपर्यंत दोन-अडीच हजार आरपीएमच्या आत.

सायीची मळी होते तेव्हा

ऑइलमध्ये निव्वळ तेल नसतं. काजळी आणि घाण पकडून तरंगत ठेवणारी, आम्ल मारणारी आणि झीज रोखणारी रसायनं त्यात मिसळलेली असतात. घाण तरंगत ठेवणारी रसायनं काम करतात तोवर ऑइल काळं दिसतं पण पातळ राहतं. काळेपणा म्हणजे ऑइल काम करतंय.

रिंगांमधून उतरणाऱ्या वायूत नुसती वाफ नसते, नायट्रोजनचे ऑक्साइड असतात, अर्धवट जळलेलं पेट्रोलही असतं. नायट्रोजनचे ऑक्साइड पाण्याला भेटले की नायट्रिक आम्ल होतं. पूर्वी गंधकाचं आम्लही मोठा त्रास होता. एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधनात गंधक दहा लाखांत दहा भागांवर आल्यापासून तो बराच कमी झाला. आम्ल मारणारी रसायनं हळूहळू संपतात. अर्धजळ्या पेट्रोलचे कण ऑक्सिजन आणि नायट्रोजनच्या संयुगांशी जुळून डिंकासारखे होतात. पाणी हजर असलं की काजळी धरून ठेवणाऱ्या रसायनांची पकड सुटते, काजळीचे कण एकमेकांना चिकटतात, डिंक त्यांना बांधतो, आणि तयार होतो काळा, मऊ गाळ. पुढे वारंवार तापला की तोच टॅपेट कव्हरखाली डांबरासारखा वाळतो.

कमी तापलेलं इंजिन गाळ करतं हे तेल कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे. अमेरिकेत ऑइलला एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा) शिक्का मिळायच्या आधी त्याला ‘सिक्वेन्स फाइव्ह’ मालिकेतली गाळाची चाचणी द्यावी लागते. फोर्डच्या ४.६ लिटर व्ही-८ इंजिनवर २१६ तास, चार-चार तासांची ५४ आवर्तनं, आणि प्रत्येक आवर्तनात इंजिन मुद्दाम गार ठेवून रेंगाळत चालवायचा एक टप्पा. शेवटी इंजिन उघडून कुठे किती गाळ बसला याला गुण देतात. ऑफिस-घर-ऑफिस या आपल्या फेऱ्या म्हणजे रोज चाललेली हीच चाचणी, फक्त गुण द्यायला कुणी नसतं.

गाळ आधी बसतो तो जिथे ऑइल संथ आणि गार, तिथे: टॅपेट कव्हरचे कोपरे, चेंबरचा तळ. तिथवर काही बिघडत नाही. मग तो तळातल्या स्ट्रेनरच्या जाळीवर येतो. ऑइल पंप या जाळीतूनच ऑइल ओढतो. जाळी अर्धी बुजली की थंडीत, ऑइल घट्ट असताना, पंपाला पुरेसं ऑइल मिळत नाही. वरच्या टॅपेटपर्यंत ऑइल पोहोचायला वेळ लागतो, म्हणून सुरू करताना दोन-चार सेकंद टक-टक आवाज येतो. व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणाऱ्या यंत्रणेच्या ऑइल झडपेला बारीक जाळी असते, ती बुजली की पिकअप जातो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालत असेल तर चेन खडखडते. शेवटचा टप्पा म्हणजे गरम इंजिन सिग्नलला उभं असताना ऑइलच्या दाबाचा लाल दिवा मिणमिणणं. हा दिवा साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली लागतो, म्हणजे दाब जवळजवळ संपलेला असतो. तो दिसला की घरापर्यंत जाऊ, असा विचार करायचा नाही. बाजूला घेऊन इंजिन बंद.

थर्मोस्टॅट काढून टाकायची खोड

आपल्याकडे मळीचं एक खास देशी कारण आहे, आणि त्यावर बोललं फार कमी जातं. उन्हाळ्यात गाडी तापली की बरेच मेकॅनिक थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह काढून टाकतात. ‘आपल्या हवेत त्याची गरजच नाही.’ गाडी तापायची थांबते, गिऱ्हाईक खूश. पण थर्मोस्टॅट गाडी तापवायला असतो, आणि तेच त्याचं काम आहे. साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो. तोच नसला की पहिल्या मिनिटापासून कूलंट रेडिएटरमधून फिरतं आणि थंडीत, हायवेच्या वाऱ्यावर, इंजिन पन्नास-साठ अंशांवर अडकून राहतं. ऑइल कधीच तापत नाही, ईसीयू इंजिन अजून गारच आहे असं समजून पेट्रोल सोडत राहतो, मायलेज पडतं आणि ऑइलमध्ये पाणी-पेट्रोल साठत जातं. जुना थर्मोस्टॅट उघडाच अडकला तरी हेच होतं.

ओळखायचं कसं? सकाळी गार इंजिन सुरू करून रेडिएटरची वरची नळी हाताने पाहा, पंख्यापासून हात लांब ठेवून. थर्मोस्टॅट चांगला असेल तर ती बराच वेळ गार राहते आणि मग एकदम गरम होते. पहिल्या मिनिट-दोन मिनिटांपासून इंजिनबरोबर हळूहळू कोमट होत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा आहे किंवा नाहीच. दुसरी खूण: गावात काटा बरोबर आणि हायवेला लागलं की खाली. ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायचा, छोटा ब्लूटूथ डोंगल असेल तर मोबाइलवर कूलंटचं नेमकं तापमान दिसतं. पंधरा मिनिटं चालवूनही सत्तरच्या पुढे जात नसेल तर गडबड आहे. याच दोषाचा ठरलेला कोड पी ०१२८. नवा थर्मोस्टॅट आणि त्याची रबरी रिंग यांचा खर्च एका ऑइल बदलाच्या आसपास असतो, बऱ्याच छोट्या गाड्यांत कमीच. व्हॉल्व्ह बसवल्यावर उन्हाळ्यात गाडी तापलीच, तर दोष रेडिएटर, पंखा किंवा वॉटर पंपचा आहे. तो तिथेच शोधायला हवा होता.

पीसीव्ही तपासायला पाच मिनिटं

इंजिन जागेवर चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून काढा आणि तोंडावर वहीचा कागद ठेवा. कागद हलकेच ओढला गेला किंवा नुसता स्थिर राहिला तर ठीक. फडफडून वर उडत असेल, भस-भस वायू बाहेर येत असेल, तर एकतर पीसीव्ही बुजलाय किंवा रिंगा गेल्यात. मग झडप काढून कानाजवळ हलवा. आत गोळी खुळखुळली पाहिजे. खुळखुळत नसेल तर धुण्याच्या भानगडीत न पडता बदला, किमतीला किरकोळ असते. तिची रबरी नळी काढून आत पाहा. पिवळी साय नळीतही बसते, आणि नळी कडक होऊन चिरली असेल तर ओढ तिथूनच सुटते. काही नव्या गाड्यांत वेगळी झडप नसते, टॅपेट कव्हरमध्येच रबरी पडदा असतो. तो फाटला की शिट्टीसारखा आवाज येतो आणि झाकण उघडायला जोर लागतो. तिथे पूर्ण कव्हर बदलावं लागतं.

आता करायचं काय

साय फक्त झाकणाला आहे, डिपस्टिक स्वच्छ आहे, थर्मोस्टॅट आणि पीसीव्ही ठीक आहेत, तर काम सोपं. झाकण कोरड्या फडक्याने पुसा, तोंडाच्या आतली साय जमेल तेवढी पुसून घ्या (फडक्याचा धागा आत पडू देऊ नका) आणि आठवड्यातून एकदा गाडी न थांबता पस्तीस-चाळीस मिनिटं, साठ-ऐंशीच्या वेगाने चालवा. पुण्यातून खेड शिवापूर, नाशिकहून सिन्नर, असं जाऊन आलं तरी पुरे. पाच-पाच मिनिटांच्या सात फेऱ्या म्हणजे पस्तीस मिनिटं होत नाहीत. परत आल्यावर, इंजिन गार झाल्यावर झाकण पुन्हा पाहा. साय आली नसेल किंवा पुसट असेल तर ऑइल अजून कामाचं आहे.

डिपस्टिकची पातळी न भरता वर चढत असेल तर मात्र थांबू नका. ऑइल वाढत नसतं, त्यात पेट्रोल किंवा पाणी येत असतं. पट्टीचा वास घ्या, पेट्रोल लगेच कळतं. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांत हा त्रास जास्त. होंडाच्या १.५ लिटर टर्बो इंजिनावरून २०१८ मध्ये चीनच्या थंड भागांत याचीच ओरड झाली होती.

पाणी आहे का हे घरी पाहायचं असेल तर एक जुनी युक्ती आहे. जुना तवा किंवा जाड पत्रा इतका तापवा की त्यावर टाकलेला पाण्याचा थेंब चर्र करून उडून जाईल, पण तवा धुरावता कामा नये. गॅस बंद करा. मग ड्रॉपरने डिपस्टिकजवळच्या ऑइलचा एक थेंब टाका. ऑइल नुसतं पसरलं तर ठीक. तडतडलं, बारीक बुडबुडे उठले, तर त्यात हजारात अर्धा-एक भाग तरी पाणी आहे आणि ऑइल बदलायची वेळ झाली आहे. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि तो तवा पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही.

बदलताना इंजिन पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणलेलं असावं. गार ऑइल काढलं तर गाळ तळालाच राहतो. चेंबरचा नट सोडल्यावर धार लगेच कॅनमध्ये न सोडता आधी स्वच्छ, पांढऱ्या प्लास्टिकच्या टबमध्ये घ्या. कडेने फिकट रेघ दिसली, तळाला पाण्याचे मणी जमले, बोटांत चोळल्यावर खर लागली, की पुढच्या बदलापर्यंत किती अंतर ठेवायचं ते तिथेच ठरतं. नटाचं वॉशर नवं घाला. नट ३० ते ४० न्यूटन-मीटरला बसतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरला पाना मारून मारून आटे घालवलेल्या गाड्या कमी नाहीत. फिल्टरच्या रबराला नवं ऑइल लावून हाताने टेकेपर्यंत फिरवा, मग पाऊण फेरा आणखी.

किती दिवसांनी बदलायचं? दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष हा आकडा नीट तापणाऱ्या इंजिनासाठी आहे. त्याच मॅन्युअलमध्ये पुढे ‘कठीण परिस्थिती’चं पान असतं. वारंवार कमी अंतराच्या फेऱ्या, धूळ, रहदारीत रेंगाळणं, हे सगळं त्यात मोडतं आणि तिथे बहुधा पाच हजार किंवा सहा महिने लिहिलेलं असतं. रोज चार किलोमीटर जाणारी गाडी वर्षाला तीन हजारही भरत नाही, आणि म्हणूनच तिचं ऑइल महिन्यांत मोजायचं. एक बदल थंडी संपल्यावर, फेब्रुवारीअखेर, ठेवलात तर हिवाळ्याचं पाणी आणि आम्ल पावसाळ्यापर्यंत आत मुरत नाही. हायब्रिड गाड्यांचंही हेच. शहरात इंजिन मिनिटभर चालतं, बंद पडतं, पुन्हा चालतं. ओडोमीटर पळतो, ऑइल मात्र कोमटच.

ग्रेडच्या बाबतीत महाराष्ट्राच्या थंडीला घाबरायचं कारण नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं, आणि १०डब्ल्यूच्या ऑइलची गार चाचणीच उणे २५ अंशांना होते. कंपनीने ०डब्ल्यू-१६ किंवा ५डब्ल्यू-३० सांगितलं असेल तर तेच घाला. ‘इंजिन जुनं झालं’ म्हणून २०डब्ल्यू-५० घातलं की ते बारीक वाटांमधून उशिरा पोहोचतं.

मळी आधीच असेल तर

झाकण काढून टॉर्च मारल्यावर आतल्या धातूवर काळा थर दिसतोय? बोटाने पुसून पाहा. धातू सोनेरी-तपकिरी असेल तर ते नुसतं वार्निश, चालतं. बोटावर ग्रीससारखा गोळा आला तर मळी. इथे रस्त्यावरचा ठरलेला सल्ला म्हणजे ऑइल काढून डिझेल किंवा रॉकेल भरा, पाच मिनिटं चालवा, सगळं धुऊन निघेल. निघतं, आणि तिथेच घोळ होतो. डिझेलला बेअरिंगमध्ये टिकेल असा थर धरता येत नाही, आणि सुटलेले मळीचे तुकडे थेट स्ट्रेनरवर जाऊन बसतात. धुतल्यानंतर आठवड्याभरात लाल दिवा लागलेल्या गाड्या अशाच असतात. बाटलीतला फ्लशही थोड्या गाळासाठी ठीक, जाड मळीवर तोच धोका.

मळी मध्यम असेल तर घाई न करता काढा: चांगलं, कंपनीने सांगितलेल्या दर्जाचं ऑइल आणि नवा फिल्टर घालून हजार-दीड हजार किलोमीटरला बदला, असं तीनदा. ऑइलमधली रसायनंच थर हळूहळू सोडवतात, आणि सुटलेला गाळ फिल्टरमध्ये अडकतो. जाड असेल तर चेंबर उतरवून स्ट्रेनर हाताने धुणं हाच खात्रीचा उपाय. चेंबर परत लावताना सिलिकॉनची दोन-तीन मिलिमीटरची एकसारखी रेघ पुरते. जाड थापला की आतल्या बाजूला बाहेर आलेली लोंबणारी कड तुटून त्याच धुतलेल्या जाळीवर जाऊन बसते. ट्यूबवर लिहिलेला वाळायचा वेळ संपेपर्यंत ऑइल भरू नये, मेकॅनिकला घाई असली तरी.

टोरंटो, मिनियापोलिससारख्या ठिकाणी राहणाऱ्यांचं गणित वेगळं. उणे वीस अंशांत अर्ध्या तासाची फेरीही ऑइलला कमी पडू शकते, आणि पीसीव्हीच्या नळीतली वाफ गोठून बर्फ होते. नळी बंद झाली की चेंबरमध्ये दाब साठतो, डिपस्टिक वर उचलली जाते किंवा क्रँकचं मागचं सील ऑइल सोडतं. तिथे ब्लॉक हीटर (इंजिन विजेवर गरम करणारा) निघण्याआधी दोन-तीन तास टायमरवर लावा. रात्रभर ठेवून फक्त वीज जाते. उणे तापमानात निघालात आणि डिपस्टिक अर्धा इंच वर आलेली दिसली, तर ती दाबून परत बसवू नका. आधी पीसीव्हीची नळी काढून आतला बर्फ वितळवा.